बागमांडल्याला कोण पडलं

आमच्याकडे उतरणारे पाहुणे सकाळचे घावणे-चटणी संपली की हात पुसता पुसता दोन प्रश्न हमखास विचारतात. समुद्र इथून किती लांब, आणि दिगूभाऊ पडला ती जागा कुठे आहे. समुद्राचं माझा मुलगा नितीन सांगतो. दुसरा प्रश्न माझ्याकडे येतो. मी म्हणते, बागमांडल्याला जा, जेटीपाशी सरबताची गाडी लागते, तो सरबतवाला दाखवील. आणि तो दाखवतोही. ऊन चढलं असेल तर झाडाखालची जागा दाखवतो, गर्दी असेल तर स्वतःच्या गाडीजवळची. तिथे उभं राहून माणसं फोटो काढतात, तरणी पोरं पडल्याचं सोंग करतात, त्यांच्या बायका पँट मळेल म्हणून ओरडतात, आणि मग सगळे कोकम सरबत पिऊन फेरीबोटीवर गाडी चढवतात आणि खाडीपलीकडे निघून जातात. सरबतवाल्याचं दिगूच्या त्या पडण्यावर बरं चाललं आहे. आमचंही थोडंफार चाललंच आहे, खोटं कशाला बोलू.

दिगूभाऊ म्हणजे माझा धाकटा भाऊ दिगंबर. ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांना मी तो कोण ते सांगायला नको, पण एखाद्याकडे नसेल म्हणून सांगते. तो लोकांना हसवतो. रंगमंचावर एक खुर्ची, एक पाण्याचा तांब्या आणि हा. लहानपणच्या, गावाकडच्या गोष्टी सांगत बसतो आणि माणसं डोळे पुसत बाहेर पडतात. त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे चुलत बहिणीच्या लग्नाला जाताना रुखवताची टोपली डोक्यावर घेऊन तो खाडीच्या चिखलात कंबरेपर्यंत रुततो ती. ती गोष्ट लोकांना पाठ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये कुणाचा पाय घसरला तरी मागून कुणीतरी ‘बागमांडला!’ म्हणून ओरडतं, असं माझी सून सांगते.

तर आता लिहायला बसलेच आहे तेव्हा लिहून टाकते. दिगू पडला नव्हता. पडले होते मी.

आमचं घर श्रीवर्धनला, बाजारातून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढे अण्णांचं शिवणकाम, मागे सुपारीची वाडी, मध्ये आम्ही. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचं शिवणयंत्र पडवीत होतं आणि दिवसभर घरात त्याचा आवाज असे. तो मध्येच थांबला की आई आतून विचारायची, ‘काय झालं हो?’ वाडी अण्णांची आणि काकांची मिळून होती. काकांचं बिऱ्हाड आमच्याला लागूनच, मध्ये कुडाची भिंत, त्यामुळे काकीने फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. काकीकडे वालाचं बिरडं शिजतंय की सुकट भाजली जातेय हे आम्ही गणिताची वही न सोडता सांगू शकत होतो. वाऱ्याच्या दिवसांत मागे पिकलेल्या सुपाऱ्या टपटप पडायच्या, कौलावर पडली तर घरंगळत खाली यायची, आणि खाली यायच्या आत ती कुणाची यावरून दिगूचं आणि माझं भांडण ठरलेलं. आता त्या वाडीच्या, माझ्याकडे आलेल्या अर्ध्या भागात नितीनने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. सुपारी पत्र्यावर पडली की शहरातली माणसं दचकून उठतात आणि सकाळी विचारतात, रात्री वर कोण होतं?

दिगू लहानपणापासून आवाजांचा होता. दुपारी जेवण झालं की अण्णांना डुलकी लागे, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी गिऱ्हाईक ‘झालं का हो शिवून?’ म्हणून ओटीवर येऊन बसे. मग आतून दिगू तोंडाने मशीन चालवायचा. मध्ये थांबायचा, दोरा तोडल्यासारखा आवाज करायचा, पुन्हा सुरू. गिऱ्हाईक समाधानाने पान लावत बसे. अण्णा जागे झाले की तेच मशीन खरं चालू लागे, आणि कुणाला फरक कळत नसे. आईला हे माहीत होतं. ती रागवायची नाही, फक्त म्हणायची, ‘एवढं चालवतोस तर दोन काजंही कर.’

मी त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा काकांच्या कुंदाचं लग्न ठरलं. कुंदा मला सख्ख्या बहिणीहून जवळची. माझी वेणी ती घालायची, तिची मी. एकाच गोधडीत झोपून आम्ही गावातल्या समस्त मुलांना नापास करून टाकलं होतं. तिला स्थळ आलं खाडीपलीकडचं, वेसवीचं. मुलगा बंदरावर कामाला, घरची शेती, आणि मुलाची आई कडक अशी बातमी. लग्न मुलाकडे होणार होतं. करवली मी. करवली होणं म्हणजे काय ते आजकालच्या मुलींना सांगून समजायचं नाही. नवरीच्या शेजारी बसायचं, तिच्याबरोबर सासरी राहायचं, तिच्या ताटातलं खायचं, तिला रडू आलं की पदर पुढे करायचा. मी महिनाभर तयारीत होते. आईने ठेवणीतली हिरवी साडी मला नेसायला काढून दिली. माझ्या आयुष्यातली ती पहिली साडी.

रुखवताच्या करंज्या आमच्याच घरी झाल्या. काकी, आई आणि शेजारच्या हलीमाचाची दोन दिवस चुलीपुढे होत्या. हलीमाचाचीचे यजमान मस्कतला होते. तिच्या हाताला करंजीची मुरड अशी यायची की काकी, जी कुणाचं कौतुक करत नसे, तिने ती करंजी उचलून उजेडात धरून पाहिली आणि न बोलता परत ठेवली. तेवढ्यावरून हलीमाचाची वर्षभर खूश होती. करंज्यांची टोपली कुणी न्यायची यावर चर्चा झाली तेव्हा मी हट्ट धरला. करवली मी, टोपली मी नेणार. काकी म्हणाली, ‘पडशील गं.’ मी म्हटलं, ‘मी काय दिगू आहे?’

एसटीने आम्ही बागमांडल्याला उतरलो. तेव्हा जेटी नव्हती की फेरीबोट नव्हती. काठाला होडी लागायची आणि काठापासून होडीपर्यंत एक लांब फळी टाकलेली असायची. भरतीला फळीखाली पाणी, ओहोटीला चिखल. काकी घरातून निघता निघेना, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं आणि फळीखाली काळा, लकाकणारा चिखल पसरला होता. माणसं एकेक करून होडीत गेली. कुंदा मुंडावळ्यांची पिशवी छातीशी धरून बसली. दिगूने नाळेवरची, सगळ्यात पुढची जागा धरली. शेवटी राहिले मी. मुलाकडून दोन-तीन माणसं न्यायला आली होती, त्यांत नवऱ्या मुलाचा एक मावसभाऊ होता, मिशी नुकती फुटलेला. मी टोपली डोक्यावर घेऊन फळीच्या मध्यावर आले तेव्हा त्याने होडीतून हात पुढे केला. आता तो हात धरायचा की नाही? धरला तर काकी बघणार. नाही धरला तर तो काय म्हणेल? मी हा विचार करत असताना पाऊल आपल्या मनाने पुढे गेलं, आणि तिथे फळी नव्हती.

फच् असा आवाज झाला. अजून माझ्या कानात आहे. मी कंबरेपर्यंत आत गेले आणि तिथे थांबले. टोपली मात्र मी सोडली नाही, तीच माझ्या डोक्यावरून पुढे येऊन उपडी झाली. पांढऱ्याशुभ्र करंज्या काळ्या चिखलावर दूरपर्यंत मांडल्यासारख्या पसरल्या. मग पहिला कावळा आला, त्याच्यामागे बगळे आले. बगळे करंज्या खातात हे मला त्या दिवशी कळलं. मग होडीतलं कुणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले. (वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात येईल म्हणून सांगून ठेवते: त्या मावसभावाशी माझं लग्न झालं नाही. त्यानेही हसून घेतलं होतं.)

दोन खलाशांनी मला काखेत हात घालून उपटून काढलं. साडी चिखलाने एवढी जड झाली होती की मला उभं राहवेना. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. होडी चालवणारा तांडेल ओरडायला लागला, ‘पानी उतरतंय, आता निघालो न्हाय तर सांजेपर्यंत हितंच!’ मुहूर्त संध्याकाळचा. काकी होडीत उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. राग, लाज आणि रडू तिन्ही एकदम. म्हणाली, ‘असल्या अवतारात हिला तिकडे कशी नेऊ? पहिल्याच पावलाला व्याह्यांकडे शोभा! राहू दे तिला इथंच, जाईल परत.’ अण्णा काही बोलायला गेले, पण नवरीचे वडील म्हणजे काकाच मान खाली घालून बसले होते, त्यामुळे अण्णाही बसले. आई उतरायला निघाली, तिला काकीने धरून ठेवलं, नवरीची ओटी भरायला तू हवीस म्हणून. तेवढ्यात दिगू नाळेवरून उठला, सगळ्यांच्या पायांवरून उड्या मारत आला आणि फळीवरून काठावर. ‘मी जातो शालूबरोबर,’ म्हणाला. होडी सुटली. कुंदा मागे वळून बघत होती आणि मुंडावळ्यांच्या पिशवीने डोळे पुसत होती. तिच्या लग्नात मी नव्हते.

परतीची एसटी वर उभी होती, सुटायलाच आली होती. विहीर लांब, गावात. मी काठावर बसून रडत होते ते नुसतं लग्न हुकलं म्हणून नाही. या अवतारात एसटीत चढायचं, श्रीवर्धनच्या स्टँडवर उतरायचं, आणि सगळा बाजार ओलांडून घरी जायचं. दिगू माझ्यासमोर उभा होता. अण्णांनी लग्नासाठी त्याला नवा पांढरा सदरा शिवला होता, खिशावर त्याच्या नावाचं अक्षर काढून. तो मला म्हणाला, ‘थांब हां जरा.’ मला वाटलं चप्पल शोधायला गेला. तो चिखलाच्या कडेला गेला, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पाटावर बसावं तसा चिखलात बसला. नुसता बसला नाही, बसल्या बसल्या आत सरकला, कंबरेपर्यंत, मग दोन ओंजळी भरून डोक्यालाही लावला. वर आला तेव्हा दात तेवढे पांढरे होते. ‘आता कोण पडलं ते कुणाला कळणार नाही,’ म्हणाला.

एसटीच्या दारात कंडक्टरने आम्हाला अडवलं. ‘काय रं, म्हशी धुवाया गेला होता काय?’ मी जमिनीत जायच्या बेतात. दिगू म्हणाला, ‘मी पडलो मामा, ही काढायला आली तर हिलापण ओढली मी. हिची काय चूक न्हाय. हिला बसू द्या, मी उभा राहतो.’ सगळी गाडी त्याच्याकडे बघून हसली. कंडक्टरने मागच्या बाकावर वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्ही दोघं त्यावर बसून घरी आलो. बाजारातून जाताना दिगू पुढे चालला होता, छाती काढून, आणि जो विचारेल त्याला सांगत होता की मी पडलो. माझ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

पण दोन दिवसांनी वऱ्हाड परत आलं आणि खरी गोष्ट गावात आली. काकीच्या मनातला राग अजून जिवंत होता. व्याह्यांकडे रिकाम्या टोपलीने जावं लागलं, मुलाच्या आईने सगळ्यांसमोर ‘करंज्या नाहीत का?’ विचारलं, हे ती विहिरीवर, देवळात, जो भेटेल त्याला सांगू लागली. शाळेत जाताना नाक्यावर मुलं बसलेली असत. मी जवळ आले की एक जण तोंडाने फच् करायचा. एवढंच. बाकी काही नाही. मी चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी आईला सांगितलं, मी शाळेत जाणार नाही. परीक्षा तोंडावर होती. अण्णा समजावून थकले. हेडमास्तर घरी येऊन गेले. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले ती बसलेच. आज मला हसू येतं, एवढ्याशा फच्साठी. पण त्या वयात आयुष्य एवढंसंच असतं. आई रात्री अण्णांना म्हणताना मी ऐकलं, ‘राहू द्या. नाहीतरी एक-दोन वर्षांत लग्नच करायचं आहे.’ ते ऐकून मला आणखी भीती वाटली, पण तरी मी उठले नाही.

त्याच दिवसांत आमच्या मागच्या पडवीत सुपारी सोलायला बायका यायच्या. वाळलेल्या सुपारीचा ढीग मध्ये, भोवती बायका, प्रत्येकीपुढे उभ्या पात्याची सुरी. सालं उडत असत आणि तोंडं चालत असत. त्यात काकी, हलीमाचाची आणि आतल्या गावातून येणारी पारूबाई, जिची जीभ तिच्या सुरीहून धारदार. मी आतल्या खोलीत होते, मध्ये नुसतं दार. पारूबाई मोठ्याने म्हणाली, ‘शालू कुठं हाय गो? का अजून चिखलातनं निघाली न्हाय?’ बायका हसल्या. मी उशीत तोंड खुपसलं.

तेवढ्यात दिगू शाळेतून आला. दप्तर टाकल्याचा आवाज झाला. ‘काय गं पारूबाय, शालू कशाला चिखलात? पडलो तर मी.’

‘चल, खोटारड्या. समद्यांनी बगितलं.’

‘तू बगितलंस?’

‘न्हाय. पन तुझी काकी व्हती ना.’

‘काकी पाठमोरी बसली होती. कुंदाताईचा पदर सारखा करत होती. काय गं काकी?’ काकीने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण दिगू थांबलाच नाही. ‘टोपली होती शालूच्याच डोक्यावर. मी म्हटलं, दे इकडे, तुझी साडी ठेवणीतली, मी नेतो. घेतली. आणि फळीवर पाऊल टाकलं. आता त्या नवऱ्या मुलाचा मावसभाऊ पुढे उभा. असा हात केलान.’ इथे त्याने काय केलं ते मला दिसत नव्हतं, पण पडवीत हशा झाला. ‘मी म्हटलं, हा माझा हात कशाला मागतोय? माझं लग्न ठरलंय का? मला कुणी विचारलं न्हाय! मी वळून अण्णांकडे बघतो तर खालची फळी गायब.’ आणि त्याने तो आवाज काढला. फच्. नाक्यावरच्या मुलांचा तो आवाज हलका होता. याचा असा होता की मला उशीतून डोकं वर काढावं लागलं. त्यात चिखल होता, साडी होती, तळाला गेलेली चप्पल होती.

हलीमाचाची हसता हसता ‘या अल्ला, बस कर पोरा’ म्हणत होती. पारूबाईची सुरी थांबली होती. दिगू सांगतच होता. तो आत कसा गेला, बगळे कसे आले, तांडेलाने त्याला सोडून जायची भाषा कशी केली, आणि त्याने चिखलातूनच तांडेलाला कसं सांगितलं की जा, जेवणाचं ताट वाढून ठेवा, मी भरतीबरोबर येतो. प्रत्येक वाक्याला हशा. आणि नवल म्हणजे तो हशा ऐकताना माझी छाती दुखत नव्हती. त्या माझ्यावर हसतच नव्हत्या. मग दिगू म्हणाला, ‘आणि टोपलीतले लाडू चिखलावर असे घरंगळत गेले...’

‘लाडू नव्हते, करंज्या होत्या,’ मी आतून म्हटलं.

मला स्वतःलाच कळलं नाही कशी बोलले. मग पारूबाई म्हणाली, ‘बगा, तिला बरं म्हाईत.’

‘तिला माहीत असणारच,’ दिगू म्हणाला. ‘तिनेच तर मला उपटून काढलं. ये गं शालू, सांग यांना.’

मी दार उघडलं. काकी दारासमोरच बसली होती. तिला खरं ठाऊक होतं, आणि खरं सांगायला तिने तोंड उघडलंही. पण तिला हसूच आलं. ती पदर तोंडावर घेऊन हसायला लागली ती थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. मला म्हणाली, ‘ये, बस.’ हलीमाचाचीने सरकून जागा दिली, ‘बैस गो बाय.’ मी बसले, हातात सुपारी घेतली, आणि दिगूला चिखलातून कसं काढलं ते सांगितलं. आधी एक वाक्य, मग दुसरं. पारूबाईसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नाक्यावरची मुलं फच् करायच्या आत दिगूने पुढे होऊन स्वतःच केला, आणि त्यांच्यापेक्षा चांगला केला. आठवडाभरात ती मुलं दिगूला ‘परत कर, परत कर’ म्हणून मागे लागली होती. मी मॅट्रिक झाले. पुढे शिक्षिका झाले, म्हसळ्याच्या शाळेत सगळी नोकरी केली. हे त्या पडवीमुळे झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिगूला गावाने सोडलंच नाही मग. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या बारशाला, दिगू, ती बागमांडल्याची गोष्ट सांग. सांगता सांगता गोष्ट वाढत गेली आणि जे त्या होडीत होते त्यांनाही पुढे पुढे दिगू पडलेला आठवू लागला. काका तर शपथेवर सांगायचे. दिगू मुंबईला नोकरीला गेला, तिथे आधी कचेरीत, मग छोट्या सभागृहांत, मग मोठ्या, आणि मग टीव्हीवर. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या सासरी मी दिगूची बहीण म्हणूनच गेले. एकदा मी माझ्या यजमानांना खरं काय ते सांगितलं. ते सज्जन माणूस, मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘तुलाही पडायचंय का आता? भावाला मिळालं ते नाव हवंय?’ मीही हसले. पण त्या रात्री मला विचित्र वाटलं. माझ्या आयुष्यातला तो एवढा मोठा प्रसंग, आणि त्यात मीच नाही. दिगूने मला वाचवलं होतं हे खरं, तेव्हा त्याला काय विचारणार? मी विचारलं नाही. कितीतरी वर्षं नाही.

मागच्या थंडीत एका वाहिनीने दिगूच्या लहानपणच्या गावावर कार्यक्रम करायचं ठरवलं. दिगू आला, सत्तरीचा, दोन्ही गुडघे बदललेला, बरोबर कॅमेरेवाले आणि ऋजुता नावाची दिग्दर्शक मुलगी, डोक्यावर टोपी, पायात बूट, दिवसभर धावणारी. आमच्याकडेच उतरले. तिला घावणे इतके आवडले की नितीनची बायको थकून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बागमांडल्याला. मलाही गाडीत घेतलं, बहीण पाहिजेच म्हणून. सरबतवाल्याने पुढे होऊन जागा दाखवली. कॅमेरा लागला. ऋजुता म्हणाली, ‘सर, तुम्ही इथे उभे राहून सांगा, नेमकं कुठे पडलात.’

दिगूने चिखलाकडे पाहिलं. ओहोटी होती. मग तो म्हणाला, ‘मला काय माहीत. शालू, कुठे गं?’

मुलगी हसली, तिला वाटलं विनोद. दिगू म्हणाला, ‘हसू नकोस. मी नंतर आत गेलो. पडली ती ही. हिला विचार.’

सगळे माझ्याकडे वळले. शाळेत मी तीस-पस्तीस वर्षं पोरांपुढे उभी राहिले आहे, पण हे निराळं. मी म्हटलं, जाऊ दे रे. तो म्हणाला, ‘नाही, सांग.’ आणि जेटीच्या पायरीवर हळूच, गुडघे धरत बसला, समोर, प्रेक्षकासारखा. मी सांगायला लागले. साडीपासून सुरू केलं, कारण मला साडीच आठवत होती. मग काकी, मग टोपली, मग तो हात. धरू की नको धरू, हे सांगताना कॅमेरा धरलेला मुलगा हलायला लागला, त्याला हसू आवरेना. फच् मात्र मला जमला नाही, मी नुसतं ‘गेले’ म्हटलं, आणि त्यावर सरबतवाला एवढ्याने हसला की त्याच्या हातातला ग्लास पडला. दिगू पायरीवर बसून डोळे पुसत होता. मी शेवटी तो पांढऱ्या सदऱ्यात चिखलात जाऊन बसला ते सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. ऋजुताने टोपी काढून हातात घेतली.

‘हे तुला येत होतं,’ दिगू म्हणाला, ‘तर मला कशाला धाडलंत मुंबईला?’

बाकीचे सामान आवरत असताना आम्ही दोघं पायरीवर बसलो. फेरीबोट गाड्या घेऊन येत होती. त्याने विचारलं, ‘राग होता का गं तुला?’

‘राग नाही. पण एकदा विचारायचंस तरी, परत हवंय का म्हणून.’

त्याने पायरीवरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. मग म्हणाला, ‘तुला पुन्हा लाज वाटेल अशी भीती वाटायची. नंतर नंतर तर मलाच आठवायला लागलं, मी पडलेला.’ मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘घे आता,’ तो म्हणाला. ‘आजपासून तुझं. अलिबागला परवा कार्यक्रम आहे, तिथे खरं सांगतो.’

चौथ्या दिवशी दुपारी मी वाल निवडत होते तेव्हा त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

‘शालू, हसले नाहीत गं.’

‘म्हणजे?’

‘माझी बहीण पडली म्हटलं, तर सगळे गप्प. बायका चुकचुकल्या. एक म्हातारी तर रडली.’

मला इतकं हसू आलं की वाल मांडीवरून सांडले. ‘अरे, बहीण पडली म्हणून सांगणारा भाऊ कुणाला आवडेल? जो पडला त्यानेच सांगायचं असतं ते.’

‘मग आता काय करू? पुढचे सगळे कार्यक्रम ठरलेत. आणि लोक तीच गोष्ट मागणार.’ मग अगदी लहान असताना सुपारीसाठी लावायचा तसला आवाज लावून, ‘पुढच्या महिन्यात माणगावला आहे. येशील?’

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नितीन नव्या पाहुण्यांना हात लांब करून समुद्र दाखवत होता. माझं वय झालंय, पायाला सूज येते, माणगावचा रस्ता खणून ठेवलाय, अशी सगळी कारणं मी मनात एकदा फिरवून पाहिली.

‘श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव इथे मी पडते,’ मी म्हटलं. ‘बाकी महाराष्ट्रात तू पड.’